पाल्याची मिश्री

माझी मुलगी पुण्यात एका प्रयोगशाळेत पानांचे अर्क काढते. करवंद, तोरण, तुती, जांभूळ. ज्या झाडांची फळं आम्ही ओठ जांभळे होईस्तोवर खाल्ली, त्यांच्या फळांकडे ती ढुंकूनही बघत नाही, तिला पानं हवी असतात. ती वाळवायची, दळायची, त्यातलं एकेक द्रव्य वेगळं करायचं आणि कर्करोगाच्या पेशींवर त्याचा काही परिणाम होतो का ते बघायचं, असं तिचं काम. मी एकदा सरळ विचारलं, "मग पाल्यानं कॅन्सर टळतो की नाही, एवढं सांग."

ती म्हणाली, "आई, काचेच्या नळीत काही काही दिसतं. नळी म्हणजे माणूस नव्हे. टळत असेल, अशी शक्यता आहे. याच्यापुढं मी एक शब्द बोलणार नाही."

हे हात राखून बोलणं तिनं माझ्याकडून घेतलेलं नाही. पन्नासेक वर्षांपूर्वी याच पाल्याबद्दल मी अख्ख्या वस्तीला छातीठोकपणे सांगितलं होतं आणि तोंडघशी पडले होते. तेव्हा ती दीड वर्षाची होती आणि आजीच्या कडेवर बसून आमची फजिती बघत होती.

माझं माहेर शिवऱ्याचं, हमरस्त्याच्या कडेचं. ट्रकांचे भोंगे ऐकत वाढलेली मी, लग्न होऊन हिर्डोशीच्या अलीकडच्या एका डोंगरी वस्तीत येऊन पडले. तिथं दिवसातून दोनदा एसटी यायची आणि त्यातली एक बहुतेक यायची नाही. यजमान भोरच्या डेपोत मेकॅनिक. ते शनिवारी यायचे आणि सोमवारी जायचे. एरवी घरात आम्ही दोघीच, मी आणि माझ्या सासूबाई. आमच्याकडं सासूला आत्याबाई म्हणतात. त्यांचे यजमान फार लवकर गेलेले. दोन खाचरं भाताची, डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत नाचणी, एक म्हैस, सगळं त्या एकटीनं रेटायच्या.

मी शिकलेली होते, वस्तीच्या शाळेत मास्तरीण म्हणून लागले होते. मुलगी झाली तेव्हा भावकीतल्या बायका विचारायला आल्या, की आता नोकरी सुटणार ना, पोर कोण बघणार? आत्याबाई म्हैस पिळत होत्या. त्यांनी मानसुद्धा वळवली नाही. म्हणाल्या, "म्या हाय की. तुमास्नी बोलावते का बघायला?" पुन्हा कुणी तो विषय काढला नाही. माझी पुढची तीस वर्षांची नोकरी त्या एका वाक्यावर उभी राहिली. हे मी त्यांना त्या असताना कधी बोलून दाखवलं नाही, म्हणून आता लिहून ठेवते.

आत्याबाईंचा एकच नाद होता, मिश्री. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. तंबाखूची पानं तव्यावर काळीठिक्कर होईपर्यंत भाजायची, हातानं चुरायची आणि डबीत भरायची. मग चिमूटभर तळहातावर घेऊन बोटानं दातांवर, हिरड्यांवर घासत बसायचं. म्हणायला दात घासणं. पण दात दिवसातून सहा वेळा कोण घासतं? सकाळी उठल्यावर, भाकरी झाल्यावर, शेतातून आल्यावर, कुणी भेटायला आलं की, कुणी भेटायला आलं नाही की. भाजायचा तवाही वेगळा. तापला की त्याचा ठसका चार घरांत जायचा आणि चार घरांतल्या बायका डब्या घेऊन यायच्या.

मी आधी नाक मुरडायचे. मग पोटुशी असताना सातव्या महिन्यात माझी दाढ ठणकायला लागली. भोरला जायचं तर रस्त्याचे धक्के सोसेनात. दोन दिवस मी गाल धरून रडत बसले. आत्याबाईंनी डबी पुढं केली. "जरा दाबून धर दाढंवर. गप पडंल."

पहिल्यांदा गरगरलं, उमळून आलं. पण दाढ खरंच गप पडली. पंधरा दिवसांनी दुखणं थांबलं आणि मिश्री मात्र थांबली नाही. बाळंतपण झालं, शाळा सुरू झाली, तरी माझी एक लहान डबी खडूच्या खोक्यात असायची. मधल्या सुट्टीत शाळेमागं जाऊन लावायची, खळखळून चूळ भरायची आणि आत येऊन मुलांना आरोग्याचा धडा शिकवायचा. निर्लज्जपणा म्हणतात तो हाच, पण तेव्हा मला तो तसा वाटत नव्हता.

शिमग्याच्या सुमाराला आत्याबाई ठेचा बाजूला सारायला लागल्या. नाचणीची भाकरी आणि ठेचा यावर त्यांचा जीव. त्या नुसत्या ताकाबरोबर भाकरी कुस्करून खायला लागल्यावर मी हटकलं. "काय न्हाई, जरा आग हुतीया," म्हणाल्या. मी त्यांना दारात उन्हाकडं तोंड करून बसवलं आणि आ करायला लावलं. डाव्या गालाच्या आत, खालच्या हिरडीला लागून, लिमलेटच्या गोळीएवढा पांढरा चट्टा होता. मी ओल्या फडक्यानं पुसून बघितला. तो पुसला जाईना.

शिवऱ्याला आमच्या शेजारी एक बाई होती, तीही मिश्रीवाली. तिच्या गालात असाच चट्टा आला होता, पुढं त्याची जखम झाली आणि शेवटी तिला पाणीसुद्धा गिळता येईना. मी शाळकरी असताना ते सगळं बघितलेलं. आत्याबाईंना मी यातलं काही बोलले नाही. एवढंच म्हटलं, "उद्या भोरला जायचं."

भोरला एसटी स्टँडच्या मागं एक डॉक्टर होते. शिडशिडीत, डोळ्यांवर जाड चष्मा. त्यांनी बॅटरी लावून बराच वेळ बघितलं, बोट फिरवून बघितलं. मग हात धुताना म्हणाले, "मावशी, हा आज कॅन्सर नाही. पण तो इथूनच सुरू होतो. मिश्री आजपासून बंद. दीड महिन्यानं परत या. तेव्हा चट्टा असाच असला, तर तुकडा काढून पुण्याला तपासायला पाठवावा लागेल."

आत्याबाई पुण्याला घाबरल्या नाहीत, मिश्री बंद म्हटल्यावर घाबरल्या. थोडा वेळ पदराशी चाळा करत बसल्या आणि म्हणाल्या, "त्वांड रिकामं ऱ्हात न्हाई वो. आमच्यात हिरड्या सुजल्या की जांभळीचा पाला घेत्यात. त्यो घिऊ का?"

मला वाटलं, आता हे हसणार. शिकलेली माणसं झाडपाला म्हटलं की हसतातच. डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, "घ्या. त्यानं काही बिघडणार नाही. तुरट असतो, तोंड आवळून धरतो. झाड स्वतःला कीड लागू नये म्हणून पानात बरंच काही तयार करून ठेवतं. त्यातलं आपल्या उपयोगाचं काय आहे, या रोगाला ते अडवतं का, हे मला माहीत नाही. कुणीतरी शोधायला पाहिजे. पण मावशी, मिश्री बंद."

त्या माणसाला मी मनातल्या मनात किती वेळा नमस्कार केलाय. माहीत नाही ते माहीत नाही म्हणणारा डॉक्टर मला त्यानंतर फार थोड्या वेळा भेटला.

वस्तीवर परतलो आणि तिथं आम्ही घोळ घातला. शाळेच्या वाटेवर ओढ्याकाठी एक मोठी जांभळ होती. नुकती पालवलेली, कोवळी तांबूस पानं. मी पाटी भरून पाला आणला. आता आमच्या वस्तीवर दातांना लावायची म्हणून जी काही वस्तू होती ती तव्यावर भाजूनच लावायची, याच्यापलीकडं कुणी विचार केलेला नव्हता. आत्याबाईंनी मिश्रीचा तवा चुलीवर ठेवला, पाला त्यावर पसरला आणि काळाठिक्कर होईपर्यंत भाजला. मी शेजारी बसून उलथनं फिरवत होते. माझ्या शिक्षणानं त्या वेळी कुठं दडी मारली होती कोण जाणे.

भुकटी झाली. दोन दिवस आत्याबाईंनी ती लावली, पण "लागत न्हाई" म्हणून कुरकुर चालू. तिसऱ्या दिवशी त्यांनी त्यात चवीपुरती तंबाखू भाजून टाकली. "चिमटीभरच हाय गं. औशिदाला वास यावा म्हणून." मी त्याला मान डोलावली. का नाही डोलावणार? माझी स्वतःची डबीही मी त्याच भुकटीनं भरून घेतली होती आणि आपण आता मिश्री सोडून औषध लावतो, असं मनाचं समाधान करून घेतलं होतं.

बघता बघता आमची पाल्याची मिश्री वस्तीभर झाली. बायका डब्या घेऊन यायला लागल्या. मी ओट्यावर उभी राहून सगळ्यांना ऐकवायची, की ही डॉक्टरांनी सांगितलीय, हिनं तोंडाचा रोग होत नाही. मास्तरीणबाईंनीच सांगितलं म्हटल्यावर ज्यांनी कधी लावली नव्हती अशा दोन पोरीसोरीही लावायला लागल्या. ते आठवलं की आजही मला कानकोंड्यासारखं होतं.

आणि चट्टा? दर रविवारी मी उन्हात बघायची. तीन रविवार झाले तरी तो होता तसाच, उलट कडेनं जरा जाडच वाटायला लागला. आत्याबाई माझ्याकडं टक लावून बघायच्या आणि मी "बराय" म्हणायची.

चौथ्या आठवड्यात सकाळची शाळा सुटल्यावर मी एकटीच भोरला गेले. डॉक्टरांना म्हटलं, पाला नियमानं चाललाय, पण फरक नाही.

"कसा घेतात पाला?"

"कसा म्हणजे? भाजून."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "काळा होईपर्यंत?"

"हो."

"आणि त्यात तंबाखू?"

"चिमूटभर. चवीला."

मग हळू आवाजात म्हणाले, "बाई, तुम्ही शिकवता ना? पान जाळल्यावर त्यात काय उरलं? कोळसा. पानात जे काही असेल नसेल ते तुम्ही चुलीत घातलंत, आणि जे बंद करायचं होतं ते चालू ठेवलंत." त्यांनी आणखी एक विचारलं, "तुम्ही स्वतः लावता का?"

"नाही," मी म्हटलं.

कसं निघून गेलं तोंडातून, मलाच कळलं नाही. मास्तरीण म्हणून मान होता, त्या मानानं मला खोटं बोलायला लावलं. डॉक्टर म्हणाले, "आजपासून दीड महिना धरा. पाला हिरवाच चावायचा, पाण्यात उकळून चुळा भरायच्या. तवा घराबाहेर काढा."

घरी येऊन मी आत्याबाईंना सगळं सांगितलं. माझं खोटं तेवढं सांगितलं नाही. मला वाटलं, माझ्यावर डाफरतील, कारण उलथनं माझ्याच हातात होतं. त्या उठल्या, तवा घेतला आणि गोठ्याच्या मागं नेऊन कोंबड्यांच्या पाण्यासाठी ठेवून दिला. मग मला म्हणाल्या, "चल, आता समद्या घरी जाऊन सांगू. आपुनच सांगितलं, तर आपुनच न्हाई म्हणाया पायजेल." त्या दिवशी माझी लेक कडेवर घेऊन त्या घरोघर हिंडल्या, आणि मी मागं मागं. प्रत्येक दारात त्याच बोलल्या. "आमचं चुकलं. ही भुकटी लावू नगा. माज्या तोंडात बघा काय झालंया." आणि आ करून दाखवायच्या. बायका बघायच्या आणि पदर तोंडाला लावायच्या. दोघी-तिघींनी डब्या तिथंच उकिरड्यावर उपड्या केल्या, बाकीच्यांनी केल्या नाहीत.

पुढचा दीड महिना आमच्या घरात कुणी सुखानं जगलं नाही. आत्याबाईंचं डोकं ठणकायचं, पोट साफ होईना, म्हशीवर ओरडायच्या, माझ्यावर ओरडायच्या. एकदा चूल पेटत नाही म्हणून त्यांनी फुंकणी अंगणात भिरकावली. मी रोज ओढ्याकाठून कोवळा पाला आणायची. सकाळी उकळून त्याच्या चुळा, दिवसभर हिरवी पानं चावायची. "कडूतुरट, जिबंची चामडी हुतीया," म्हणून शिव्या घालत चावायच्या, पण चावायच्या. खुरपताना, दळताना, नातीला झोपवताना गालात पान. यजमान शनिवारी आले की म्हणायचे, "आई, म्हशीबरोबर तू पण रवंथ करायला लागलीस." त्यावर त्यांना बोलणीच खायला मिळायची.

सकाळी त्या पानं निवडायच्या तेव्हा दोन ढिगल्या करायच्या. एक स्वतःची. दुसरी माझ्या शाळेच्या पिशवीत वरच्या बाजूला ठेवलेली असायची. "कशाला मला?" म्हटलं की म्हणायच्या, "असू दे. शिकवून घसा सुकतो." मी ती पानं शाळेच्या वाटेवर टाकून द्यायची. खडूच्या खोक्यातली माझी डबी अजून तशीच होती. भुकटी संपल्यावर मी शेजारच्या वस्तीवरून साधी मिश्री आणून भरली होती. दिवसातून एकदाच, मी स्वतःशी म्हणायची, आणि मला काही चट्टाबिट्टा नाही.

मे महिन्याच्या शेवटी आम्ही पुन्हा भोरला निघालो. ओढ्याकाठची जांभळ आता काळीभोर लगडलेली. आत्याबाईंनी पळसाच्या पानांचे दोन द्रोण भरून घेतले, एक डॉक्टरांसाठी. मी वाटेत एक जांभूळ उचललं तर त्यांनी माझा हात धरला. "आज खायचं न्हाई. रंग चढतो, डाक्टरला आतलं नीट दिसत न्हाई."

"अहो, तुमचं तोंड बघायचंय. माझं काय?"

"तूबी खाऊ नगं," एवढंच म्हणाल्या. मिश्री सुटल्यापासून त्यांचं सगळंच जरा विक्षिप्त झालं होतं. मी जांभूळ परत द्रोणात टाकलं. एसटीत सबंध वेळ द्रोण त्यांच्या मांडीवर होता आणि त्यांनी एकही तोंडात टाकलं नाही.

डॉक्टरांनी बॅटरी लावली. आत्याबाईंच्या हाताची मूठ घट्ट वळलेली. मी भिंतीवरचं कॅलेंडर बघत उभी राहिले, त्यातलं एक अक्षर वाचलं नाही. बऱ्याच वेळानं डॉक्टर म्हणाले, "मावशी, चट्टा विरलाय. कडेला थोडा पुसट आहे, तोही जाईल. पुण्याला पाठवायची आता गरज नाही. तीन महिन्यांनी दाखवून जा."

माझ्या डोळ्यांना धारा लागल्या. मी विचारलं, "पाल्यानं गेला?"

"मिश्री सुटली म्हणून गेला, हे मी नक्की सांगतो. पाल्याचा त्यात किती वाटा, ते मला सांगता येत नाही. पण पाल्यामुळं मिश्री सुटली असेल, तर तेवढे उपकार आहेतच त्याचे."

मी निघायला वळले. आत्याबाई स्टुलावरून उठल्या नव्हत्या.

"डाक्टर, आता हिचं त्वांड बघा."

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. मी त्यांना नाही म्हणून सांगितलं होतं ते त्यांना आठवत असणार. मी म्हटलं, "आत्याबाई, मला काही झालं नाही, चला."

"तू गप." मग त्या डॉक्टरांना म्हणाल्या, "ती लावती. तिचा दोष न्हाई. पोटुशी हुती, दाढ दुकायची, म्या दिली माज्या हातानं. आता ती लपवून लावती, खडूच्या खोक्यात डबी हाय, मला ठावं हाय. म्या दीड म्हैना कळ काढली ती माज्या गालासाटी न्हाई वो. माजं काय, झालंच आसतं काय तर माजं वय झालंय. पर सोडता येतं का न्हाई ते आदी म्या बघाया पायजेल हुतं. न्हायतर कुठल्या तोंडानं सांगू तिला सोड म्हणून? बघा हिचं. पांढरं न्हाई ना, तेवढं सांगा मला."

त्यांचा आवाज पहिल्यांदाच कापत होता. स्वतःच्या गालाच्या वेळी तो कापला नव्हता.

मी स्टुलावर बसले आणि आ केलं. बॅटरीच्या उजेडात मला काही दिसत नव्हतं, आत्याबाईंचा माझ्या खांद्यावरचा हात तेवढा कळत होता. डॉक्टरांनी दोन्ही गाल, हिरड्या, जिभेखाली, सगळं बघितलं.

"स्वच्छ आहे," ते म्हणाले. माझ्या खोट्याबद्दल त्यांनी तेव्हाही काही विचारलं नाही आणि नंतरही नाही.

आत्याबाईंनी एक द्रोण त्यांच्या टेबलावर ठेवला आणि आम्ही बाहेर आलो. एसटीला वेळ होता. दवाखान्याच्या पायरीवर त्या बसल्या, पदरानं डोळे पुसले आणि दुसरा द्रोण आमच्या दोघींच्या मधे ठेवला.

"आता खा," म्हणाल्या.